न धरलेला बर्फ

बर्फ धरला म्हणून येणारे फोन ऋजुता विसपुतेला सवयीचे होते. बर्फ धरत नाही म्हणून आलेला हा पहिलाच.

"मॅडम, निघालात का?" पलीकडून एकनाथ सारुक्ते विचारत होते. "बी लाइन चालू करून बराच वेळ झाला. आरती झाली, प्रसाद झाला, चहा झाला. बर्फाचा पत्ता नाही."

"बी लाइन? ती कशाला चालू केलीत, नाना?"

"आज खंडेनवमी ना! ए लाइनीची पूजा घातली. पूजलेल्या यंत्राला त्या दिवशी जुंपायचं नाही, हा आपला शिरस्ता. गॅस तं बंद ठेवता येत नाही, म्हणून बी चालवली. उद्या दसऱ्याला बीची पूजा, मग ए चालेल." नाना जरा थांबले. "देवी पावली म्हणायची का काय?"

ऋजुताला हसू आलं नाही. बी लाइनीवर लेप नव्हता. बर्फ धरू न देणारा लेप फक्त ए लाइनीवर होता.

धामणपाड्याचं वायुकेंद्र घाटमाथ्यावर, तारेच्या कुंपणात होतं. किनाऱ्याकडून जमिनीखालून येणारी जाड पोलादी वाहिनी इथे वर निघायची. वाहिनीतला गॅस हवेच्या सत्तर पट दाबाचा. तसाच तो गावात सोडला तर शेगड्याच काय, भिंतीही जागेवर राहणार नाहीत. म्हणून केंद्रातल्या व्हॉल्व्हमधून दाब पाचपर्यंत उतरवायचा आणि मग तो तालुक्याच्या घराघरांत, खानावळींत, पावाच्या भट्ट्यांत पाठवायचा. असे दोन व्हॉल्व्ह, दोन समांतर लाइनींवर, ए आणि बी. एक राबे तेव्हा दुसरा विसावा घेई.

दाब उतरवण्याची किंमत थंडीने मोजावी लागते. गॅसच्या रेणूंना एकमेकांची थोडी ओढ असते. अरुंद फटीतून सुटून ते एकदम लांब लांब पसरतात तेव्हा ही ओढ तोडायला ऊर्जा लागते, आणि ती बाहेरून मिळत नाही. मग रेणू ती स्वतःच्याच उबेतून खर्च करतात. दाब एक वातावरण उतरला की नैसर्गिक वायू साधारण अर्ध्या अंशाने गार पडतो. सत्तरवरून पाचवर यायचं म्हणजे तीस अंशांची घसरण. जमिनीखालून चोवीस अंशांवर आलेला गॅस व्हॉल्व्हपलीकडे उणे सहावर जातो. घाटमाथ्याची दमट हवा त्या पोलादाला लागली की आधी दव, मग बर्फ. आतल्या बारीक नळ्यांतही गॅसमधल्या ओलाव्याचे खडे धरतात, व्हॉल्व्ह अडकतो आणि तालुक्याच्या चुली विझतात.

दाब, प्रवाह, गळती, सगळ्यावर मुख्यालयातला प्रोग्राम नजर ठेवी. बर्फावर मात्र त्याचं काही चालत नसे. त्यासाठी नाना होते, त्यांची मोठी किटली होती आणि गरम पाणी होतं. जावक बाजूला तापमापक बसवायचा विचार कधी कुणाच्या मनात आला नाही. बर्फ किती जाड धरलाय ते बघितलं की थंडीचा अंदाज येई, मग तापमापक हवा कशाला?

ऋजुता पोचली तेव्हा ए लाइनीच्या गळ्यात झेंडूची माळ होती आणि व्हॉल्व्हच्या झाकणावर हळदीकुंकवाची बोटं. बी लाइन सुसाट चालली होती. व्हॉल्व्हमधून नेहमीची शीळ येत होती. पोलादाला घाम फुटला होता, खालच्या सिमेंटवर थेंब टपकत होते. पण पांढरा ठिपकासुद्धा कुठे नव्हता.

"दिसलं ना?" नाना म्हणाले. "आमच्या ड्युटीचा शेवट जवळ आला, मॅडम. बर्फ होता म्हणून माणसं होती."

"नाना, ही लाइन याआधी कधी चालवली होती?"

"कशाला चालवू? लेपाची लाइन सोडून बर्फाची कोण चालवतो? तुम्हीच म्हणाला होता, राहू द्या."

ती तसं म्हणाली होती. चाचणीच्या आराखड्यात दर सोमवारी आलटून पालटून लाइन बदलायची होती. एकीला लेप, दुसरी उघडी, म्हणजे तुलना होईल. पण लेप लागला, ए लाइन बर्फाविना चालू लागली आणि बीवर किटल्या ओतायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं. ज्या लाइनीशी तुलना करायची ती महिनोन् महिने झोपून होती आणि लेप उत्तम चालतो असे अहवाल वर जात होते. अहवालांखाली सही केंद्राची इंजिनिअर म्हणून ऋजुताची.

आणि लेप तिच्या भावाचा.

निनाद विसपुते पदार्थविज्ञानातला माणूस. ध्रुवाकडच्या समुद्रातले मासे शून्याखालच्या पाण्यातही गोठत नाहीत, कारण त्यांच्या रक्तात एक प्रथिन असतं. बर्फाचा पहिला कण तयार झाला रे झाला की ते प्रथिन त्याला जाऊन चिकटतं आणि वाढू देत नाही. त्या प्रथिनासारखी कृत्रिम साखळी निनादने घडवली आणि लेपात गुंफली. धामणपाड्याला लेप टिकला म्हणून आता तो राज्यभरच्या सगळ्या केंद्रांवर लागणार होता. उद्याच नियामक मंडळाच्या वाघुळदे बाई येऊन मान्यतेचा कागद त्याच्या हाती देणार होत्या. दसऱ्याचा मुहूर्त म्हणून सुट्टी असूनही.

ऋजुताने इकडे तिकडे पाहिलं, नाना किटली जागेवर ठेवायला वळले ते पाहिलं आणि खिशातून गाडीची किल्ली काढली. वाकून तिने बी लाइनीचा रंग खरवडला. जुना, पोपडे धरलेला पिवळा रंग. त्याखाली लाल. त्याखाली पोलाद. लेप नाही.

तिला हायसं वाटलं आणि लगेच स्वतःचाच राग आला. दादाने चोरून बीलाही लेप फासला असेल, ही शंका आपल्या मनात आलीच कशी?

पण शंका एकदा आली की एकटी येत नाही. लेप नाही आणि बर्फही नाही. मग हवा कोरडी असेल? नाही, थेंब तर टपकत होते. येणारा गॅसच गरम असेल? आवक बाजूचा काटा चोवीसवर होता. तिने हत्यारांच्या पेटीतून तापमापक काढला, त्याचं टोक जावक पाइपाला घट्ट बांधलं आणि थांबली.

तीन अंश. उणे नव्हे, शून्याच्या वर तीन.

चोवीसवरून तीन म्हणजे एकवीस अंशांची घसरण. दाब तेवढाच उतरत होता, पण गॅस गार कमी पडत होता. म्हणजे बदल व्हॉल्व्हमध्ये नव्हता, गॅसमध्ये होता.

"नाना, एक सांगा. शेगडीत काही फरक जाणवतो का अलीकडे?"

"हे कसं कळलं तुम्हाला? चहाला वेळ लागतो पावसाळ्यापासून. आणि बटण फिरवून बंद केली की टप्प असा आवाज करते. घरचीबी तशीच. आमची मंडळी म्हणते, शेगडीत भूत शिरलंय."

ऋजुताने शेगडी पेटवायला सांगितली. ज्योत बुटकी होती, जाळीला अगदी चिकटलेली. नानांनी बटण फिरवलं. टप्प.

ज्योत विझताना आत ओढली जाण्याचा तो आवाज होता. तिने तो कॉलेजच्या प्रयोगशाळेत परीक्षानळीच्या तोंडाशी ऐकला होता. हायड्रोजन.

हायड्रोजनच्या रेणूंना एकमेकांची फारशी ओढ नसते. पसरताना त्यांना काही तोडावं लागत नाही, म्हणून ते गार पडत नाहीत, उलट किंचित तापतात. नैसर्गिक वायूत हायड्रोजन मिसळला की दाब उतरतानाची थंडी कमी होते. मिसळायला परवानगी होती, शंभरात पाच भागांपुरती. दुपारी सौर वीज इतकी तयार होई की घ्यायला गिऱ्हाईक नसे, मग गॅस कंपनी त्या विजेने पाणी फोडून हायड्रोजन करी. तो साठवणं महाग आणि पाइपात सोडणं सोपं. पण पाच भागांनी एवढा फरक पडत नाही. ऋजुताने हिशेब मांडला. वीस भाग तरी असणार, कदाचित जास्तच.

वीस भाग हायड्रोजन त्या जुन्या पोलादी वाहिनीत. हायड्रोजनचा रेणू सगळ्यांत लहान. त्याचे अणू पोलादात शिरतात, त्याची लवचीकता खातात आणि एक दिवस जोड वाकायच्या ऐवजी तडकतो. आणि घराघरांतल्या शेगड्या अशा ज्योतीसाठी बनवलेल्याच नाहीत. आज टप्प वाजते, उद्या ज्योत आतल्या आत नळीत शिरेल.

तिने विभागीय व्यवस्थापक देशमाने यांना फोन लावला. स्वर होता होईल तो साधा ठेवला.

"सर, गॅसचं आजचं विश्लेषण हवं होतं. हायड्रोजन किती चाललाय?"

"चार टक्के. का गं? बर्फाचं काही झालं का?"

बर्फाचा शब्दही तिने काढला नव्हता.

"नाही, सहज. अहवालात जोडायचं होतं. मूळ आलेख मिळेल का, विश्लेषकाचा?"

"तो सर्व्हर दुरुस्तीत आहे." देशमाने हसले. त्यांचं हसू नेहमीच आर्जवी असे. "हे बघ ऋजुता, उद्या वाघुळदे मॅडम येतायत. निनादच्या आयुष्यातला दिवस आहे. बहिणीने भावाची दृष्ट काढायची, का दृष्ट लावायची?"

"लावत नाहीये, सर."

"मग झालं तर. तुझ्या सहीचा अंतिम अहवाल तेवढा तयार ठेव. आणि छान साडीबिडी नेस, फोटो आहेत."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ बी लाइनीकडे बघत उभी राहिली. इतक्या केंद्रांतून देशमान्यांनी चाचणीसाठी हेच का निवडलं? तेव्हा ते म्हणाले होते, "घरचं माणूस आहे तिथे, काळजी घेईल." तिला त्याचा अभिमान वाटला होता. घरचं माणूस खोलात शिरणार नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

संध्याकाळी ती नाशिकला घरी गेली. आई पाटावर बसून झेंडूची तोरणं ओवत होती. निनाद उद्याचा सदरा इस्त्री करत होता.

"आली बघ इन्स्पेक्टर," तो म्हणाला. "ऋजू, भाषण मराठीत करू का इंग्रजीत? वाघुळदे बाई जळगावच्या आहेत म्हणे. मराठीतच करतो. दोन जोक घालून."

"दादा, आज बी लाइन चालवली."

इस्त्री थांबली. "आणि?"

"बर्फ धरला नाही."

"हवा कोरडी असेल."

"पाणी टपकत होतं."

"आवक तापमान?"

"चोवीस. नेहमीचं."

"मग जावक..." निनादने इस्त्री उभी केली. "जावक मोजलंस?"

"तीन. वर तीन."

तो खुर्चीत बसला. बोटांनी मांडीवर काहीतरी आकडेमोड करत होता, लहानपणापासूनची सवय. मग बोटं थांबली. त्याला कळलं होतं, हे तिला दिसलं. आणि लगेच त्याचा चेहरा बदलला.

"म्हणजे तुझं म्हणणं काय? मी फसवलं?"

"नाही."

"नाही कसं? तुझ्या तोंडावर लिहिलंय."

ऋजुताला खोटं बोलता येत नव्हतं, निदान त्याच्याशी तरी. "आधी तसं वाटलं होतं. बीचा रंग किल्लीने खरवडून बघितला मी. चोरून लेप लावलायस का म्हणून."

आईच्या हातातली सुई थांबली.

"माझ्याबद्दल," निनाद म्हणाला. "तुला असं वाटलं, माझ्याबद्दल."

"वाटलं. आणि लेप नाही म्हणून बरंही वाटलं. पण दादा, आता तू सांग. तुझ्या प्रयोगशाळेत लेप दीड तासात थकायचा. बर्फाचे कण इतके साचायचे की साखळ्या पुऱ्या पडायच्या नाहीत, असं तूच सांगायचास. धामणपाड्याला तो अख्खा पावसाळा टिकला. तुला प्रश्न नाही पडला?"

निनादने इस्त्रीचं बटण बंद केलं.

"पडला होता. दोनदा तुला फोन करायला घेतला, जावक तापमान मोज म्हणून सांगायला. मग वाटलं, चांगलं चाललंय. कशाला खाजवून खरूज काढा?" त्याने मान खाली घातली. "मोठ्या पोलादावर वेगळं वागत असेल, असं मी मलाच समजावलं. माणूस स्वतःला फार पटकन पटवून देतो, ऋजू."

"देशमान्यांनी तुझ्याआधी किती लेप बघितले होते?"

"बरेच. जपानी होता एक, माझ्याहून सरस. मलाच नवल वाटलं होतं, आपला कसा काय निवडला."

"त्यांना लेप नकोच होता. पाइपात हायड्रोजन वाढवला की बर्फ धरायचा थांबणार, आणि नानांसारखा माणूस विचारणार, बर्फ का नाही? त्यांना सांगायला कारण हवं होतं. तू ते कारण आहेस. तीन अंशांवर नुसतं कुंकू लावलं तरी बर्फ धरत नाही."

"बास." निनाद उठला. "बास म्हटलं ना! तू हिशेबावर बोलतेयस. एक तापमापक आणि एक शेगडी. उद्या सही केली नाहीस तर प्रयोगशाळेतली माझी पोरं, माझी आठ वर्षं, सगळं पाण्यात. तुला काय एवढी खात्री आहे?"

"नाही," ऋजुता म्हणाली. "म्हणूनच तुझ्याकडे आले."

आईने ओवलेलं तोरण बाजूला ठेवलं. तिला हायड्रोजनमधलं काही कळत नव्हतं, पण तिचं आयुष्य सोनाराच्या घरात गेलं होतं. "तुमच्या बाबांनी कसोटीवर घासल्याशिवाय कुणाचं सोनं हातात धरलं नाही. माझ्या माहेरचंसुद्धा. माझा भाऊ वर्षभर बोलत नव्हता त्यांच्याशी."

"बाबांचं ठीक होतं," निनाद म्हणाला. "त्यांना दुसऱ्याचं सोनं घासायचं होतं." आणि तो आत निघून गेला. इस्त्री केलेला सदरा खुर्चीवरच राहिला.

दसऱ्याच्या सकाळी ऋजुता उजाडताच केंद्रावर होती. सणासुदीला गॅस तुटू नये म्हणून केंद्रात एक सिलिंडरगाडी राखीव उभी असे. ती भरून येई तालुक्याच्या साखर कारखान्यातून. तिथे मळीपासून वायू बनवत, निव्वळ मिथेन, हायड्रोजनचा लवलेश नाही. गाडी व्हॉल्व्हआधीच्या तोंडाला जोडायची सोय होतीच. ऋजुताने ती ए लाइनीला जोडली. गाडीवरच्या हीटरने तो गॅस तेवढ्याच सत्तर दाबावर, तेवढ्याच चोवीस अंशांवर आणून ठेवला. जावक पाइपाच्या उघड्या भागाला तापमापक बांधला. पण चावी फिरवली नाही.

नानांनी बी लाइनीला माळ घातली. बीशेजारी त्यांनी किटलीही मांडली, तिलाही कुंकू लावलं.

गाडीचा आवाज आला तेव्हा तिला वाटलं देशमाने आले. निनाद होता, एकटा, कालचाच चुरगळलेला शर्ट घालून. रात्रभर झोपला नव्हता हे डोळ्यांवरून दिसत होतं. त्याने जोडलेली सिलिंडरगाडी पाहिली, तिच्यावरचं साखर कारखान्याचं नाव वाचलं. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"चालू का नाही केलंस?"

"लेप तुझा आहे. चावी तूच फिरव. बर्फ धरला नाही तर मी चुकले. मग सही करते आणि तुझे पाय धरते."

"आणि धरला तर?"

ऋजुताने बाजूला होऊन त्याला चावीपाशी जागा दिली.

निनादने हात शर्टाला पुसले आणि चावी फिरवली. शीळ वाजू लागली. तिघंही ए लाइनीभोवती उभे राहिले. चकचकीत लेपावर दव जमलं, त्याचे थेंब झाले, थेंब ओघळले. निनादचा श्वास जरा मोकळा झालेला तिला ऐकू आला. थेंब ओघळतच होते. तापमापक खाली खाली चालला होता. शून्य ओलांडलं. उणे दोन. उणे चार. तरी पाणी पाणीच होतं. क्षणभर ऋजुताला मनापासून वाटलं, आपण चुकलो असू दे.

उणे सहाला काटा स्थिरावला. लेप झुंजत होता. नाना आत जाऊन प्रसादाच्या वाट्या भरून आले, तरी झुंजत होता. मग झाकणाच्या एका बोल्टपाशी, जिथे पान्याने लेप खरचटला होता, तिथे तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी पांढरं दिसलं.

"तिथूनच सुरू होतो," निनाद हलकेच म्हणाला. "प्रयोगशाळेतसुद्धा."

दाण्याला पिसं फुटली. पिसं लेपावरून सरकत गेली, एकमेकांना मिळाली, आणि बघता बघता व्हॉल्व्हचा सगळा गळा पांढरा झाला. नानांचा हात सवयीने किटलीकडे गेला.

"राहू द्या, नाना," निनाद म्हणाला. "धरू द्या."

देशमान्यांची गाडी फाटकातून आत आली तेव्हा बर्फ बोटभर जाड झाला होता. त्यांच्याबरोबर वाघुळदे मॅडम उतरल्या, साठीला टेकलेल्या, साध्या सुती साडीतल्या. देशमान्यांच्या हातात पेढ्यांचा खोका होता.

"वा विसपुते, आधीच हजर! आणि हे बघा मॅडम, हीच ती ए..." त्यांचे शब्द तिथेच थांबले. खोका त्यांनी दुसऱ्या हातात घेतला. "सारुक्ते! हे काय? किटली आणा! पुसा ते!"

"साहेब, किटलीची पूजा झाली," नाना अगदी शांतपणे म्हणाले. "आजच्या दिवस तिला काम लावत नाहीत."

वाघुळदे मॅडम पुढे आल्या. त्यांनी एका बोटाने बर्फ दाबून पाहिला. "लेप लावलेली लाइन हीच ना?"

"हीच, पण काहीतरी तांत्रिक... मॅडम, आपण आधी चहा घेऊ या," देशमाने म्हणाले.

"हीच," निनाद म्हणाला. "लेप माझा आहे. थोडा वेळ बर्फ अडवतो, मग थकतो. मान्यता देण्यासारखा तो नाही."

"मग इतक्या महिन्यांचे अहवाल?"

ऋजुताने तोंड उघडलं. उत्तर तिने द्यायला हवं होतं, सह्या तिच्या होत्या. "अहवाल अपुरे होते, मॅडम. मी दुसरी लाइन चालवलीच नाही. आणि तापमान कधी मोजलं नाही."

"आत्ता या व्हॉल्व्हमधून साखर कारखान्याचा गॅस जातोय," निनाद म्हणाला. "शुद्ध मिथेन. एवढे महिने जात होता तो कंपनीच्या वाहिनीतला. आता तो सोडतो. बाकी काही बदलत नाही, बघा."

"विसपुते!" देशमान्यांचं आर्जव आता संपलं होतं. ते निनादच्या अगदी जवळ गेले, आवाज खाली आणला, तरी सगळ्यांना ऐकू आलं. "डोकं ठिकाणावर आहे का? बुडशील तू. आम्ही नाही, तू. उद्या तुझ्या नावाने कोणी रंगाचा डबासुद्धा विकत घेणार नाही."

"माहीत आहे," निनाद म्हणाला आणि त्याने चावी फिरवली.

शीळ बदलली, थोडी चढली. सुरुवातीला काहीच झालं नाही. मग बर्फाच्या कडा काचेसारख्या पारदर्शक झाल्या, एक थेंब पडला, मागोमाग धारच लागली. एक मोठी खपली सुटून सिमेंटवर फुटली. वाघुळदे मॅडम मागे सरकल्या नाहीत. पदर आवरून त्या तिथेच उभ्या राहिल्या. त्यांची नजर व्हॉल्व्हवरून देशमान्यांवर गेली आणि तिथेच थांबली.

"यात काय मिसळलंय, देशमाने?"

देशमाने पेढ्यांचा खोका धरून उभे होते.

निनाद गुडघ्यावर बसला होता, दोन्ही बाह्या भिजलेल्या. त्याने मान वर करून बहिणीकडे पाहिलं आणि तापमापकाकडे बोट दाखवलं.

"वाच."

"शून्य," ऋजुता हळूच म्हणाली. "अजून शून्यच."

"मोठ्याने, ऋजू," तो म्हणाला. "सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

"शून्य," ती मोठ्याने म्हणाली. "एक. दोन. तीन."